रंग ओला राहावा म्हणून

तिचं पाळण्यातलं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते ओळखपत्रापुरतंच उरलं होतं. घरात, जिन्यात आणि ज्या गल्ल्यांतून ती पाण्याचे मीटर वाचत हिंडायची त्या गल्ल्यांत सगळे तिला भिंगरीच म्हणत. हे नाव तिच्या वडिलांनी पाडलेलं. बाबांचं कोपऱ्यावर केस कापायचं दुकान होतं. सगळ्या उमेदीत त्यांच्या खुर्चीत एकच गिऱ्हाईक कधी स्वस्थ बसलं नाही, आणि ते म्हणजे त्यांची स्वतःची पोरगी. "मान हलवू नको" म्हणेपर्यंत मान हललेली असायची. त्यामुळे तिच्या शाळेतल्या प्रत्येक फोटोत कपाळावरचे केस तिरके आहेत.

आता तिची पन्नाशी उलटली होती आणि पायाची भिंगरी काही थांबली नव्हती. लग्न झालं होतं, मोडलंही होतं. दोन्ही तिनं घाईघाईतच उरकलं. त्यानंतर ती माहेरी आली ती आलीच. आई गेल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत बाप-लेक दोघंच राहिले. भिंगरी सकाळी बाहेर पडायची, दिवसभर लोकांच्या जिन्याखाली, तळघरांत, न्हाणीघरांच्या मागे वाकून आकडे टिपायची आणि उन्हं कलली की घरी यायची. आली तरी बूड टेकायची नाही. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं. बाबा म्हणायचे, "या घरात दोन खुर्च्या उगाच आहेत. एक विकून टाकू."

चित्रांचं वेड तिला एका चौकटवाल्याच्या दुकानात लागलं. त्याच्या तळघरातला मीटर वाचायला ती गेली होती. वर येताना भिंतीला टेकवून ठेवलेलं एक तैलचित्र तिनं पाहिलं. काही विशेष नव्हतं त्यात, टेबलावर पाण्याचा एक जग आणि मागे खिडकी. पण त्या जगाच्या कडेवर रंगाचा एक जाडसर फटकारा होता. जवळून नुसता चिखल दिसायचा आणि चार पावलं मागे गेलं की उजेड. भिंगरी चार पावलं मागे गेली, पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे गेली. चौकटवाला हसायला लागला. म्हणाला, "तुम्हाला जमेल हे काम. यात निम्मा वेळ चालण्यातच जातो." कुणा गिऱ्हाइकानं टाकून दिलेल्या रंगाच्या अर्धवट पिळलेल्या नळ्या होत्या, त्या त्यानं तिच्या पिशवीत घातल्या.

त्यानंतर तिनं चपला रंगवल्या, कांदे रंगवले, जिन्याचा कठडा रंगवला. प्रत्येक चित्र एका बैठकीत. बैठक म्हणायची आपली, ती बसायची कुठे! बशीवर काढलेला रंग दुसऱ्या दिवशी साय धरतो आणि तिसऱ्या दिवशी चामडं होतो. म्हणून जे काय करायचं ते आजच, असा तिचा खाक्या. चौकटवाला चित्रं बघून म्हणायचा, "चांगली आहेत, पण सगळ्यांना बस पकडायची घाई झालेली दिसते."

मग धाकट्या भावाचा फोन आला.

भाऊ दुसऱ्या गावी असायचा. त्यानं मोठं घर घेतलं होतं, लिफ्टवालं. बाबांचे गुडघे गेलेले. तीन मजले उतरणं म्हणजे त्यांना डोंगर उतरण्यासारखं झालं होतं आणि महिनोन्‌महिने ते खाली गेलेलेच नव्हते. भाऊ म्हणाला, "बाबांना इकडेच आणतो आता. ताई, तू पण जरा मोकळी होशील." बाबांनी फोन हातात घेतला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हो, येतो की."

एवढंच. भिंगरी दारात उभी राहून ऐकत होती. ते "येतो की" तिच्या कानाला एखाद्या हरलेल्या माणसाचं वाटलं. पोराचं मन मोडायचं नाही म्हणून म्हातारा मान तुकवतोय, असं तिनं ठरवून टाकलं. विचारलं मात्र नाही. बाबा तिच्याकडे बघत होते, तर म्हणाली, "बरं झालं. तिथं लिफ्ट आहे." आणि भाजी आणायला म्हणून निघून गेली. भाजी घरात होती.

चार दिवस तिच्या जिवाला चैन नव्हतं. मीटरचे आकडे चुकीचे लिहिले, एका घरात छत्री विसरली, दुसऱ्याच घरात ती शोधायला गेली. पाचव्या दिवशी घरात शिरताच पिशवी न ठेवताच म्हणाली, "बाबा, मला तुमचं चित्र काढायचंय. जायच्या आधी."

बाबांना गंमत वाटली. "म्हणजे आता मी बसायचं, आणि तू मला हलू नका म्हणणार?"

"हो."

"मग पुरता सूड घे," ते म्हणाले. त्यांनी स्वतःच भावाला फोन करून सांगितलं, "चित्र पुरं झालं की निघतो. मी कळवतो, मग गाडी घेऊन ये."

पण पहिल्याच दिवशी घोडं अडलं. ती कामावरून यायची तेव्हा पश्चिमेच्या खिडकीत उजेड जेमतेम अर्धा-पाऊण तास टिकायचा. बाबा खिडकीशी बसले. भिंगरीनं पांढरा, पिवळी माती, थोडा लाल, चिमूटभर हिरवा असं एकेक घालत त्यांच्या गालाचा रंग जुळवायला घेतला. कधी विटेसारखा व्हायचा, कधी पिठासारखा. जुळला तेव्हा उजेड संपला होता. तिनं बशीवर ताट झाकलं. दुसऱ्या दिवशी बघते तर रंगाला साल आलेली. खरवडली तर खालचा रंग चिकट आणि वेगळाच. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा उजेड गेला. तिसऱ्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "अगं, दाढी करायला बसलेल्या माणसाला तीन दिवस नुसता साबणच फासत बसलीयस तू."

ती तरातरा चौकटवाल्याकडे गेली. त्याचं म्हणणं, "हा रंग कपड्यासारखा वाळत नाही. तो हवा ओढून घेतो आणि घट्ट होतो. हवा तोडा. गारव्यात ठेवा. आणि लवंगेच्या तेलाचा वास असला की त्याची हवा ओढायची घाई कमी होते, असं आमच्याकडे येणारे म्हणतात."

झालं. भिंगरीला काम मिळालं. बशीऐवजी काचेचा तुकडा घेतला, त्यावर रंग काढला आणि परातीत पाणी भरून काच त्यात बुडवून ठेवली. तेलाच्या रंगाला पाण्याचं काय, तो खाली मजेत राहिला. पण दुपारी बाबांनी "डास होतील" म्हणून पाणी ओतून दिलं. मग तिनं काच पिशवीत घट्ट गुंडाळून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात सरकवली. रंग छान राहिला, पण बर्फाला, दुधाला आणि बाबांच्या औषधाच्या बाटलीलाही टर्पेंटाइनचा वास लागला. बाबा पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "मी जायच्या आधी मला वार्निश लावतेयस का?"

शेवटी तिनं डबाच बनवला. दवाखान्यात सुया-चिमटे उकळायला असतात तसला लांबट, चपटा स्टीलचा डबा एका घरातल्या परिचारिकेनं तिला दिला. झाकण वाकडं झाल्यामुळे तो टाकून द्यायचाच होता. भिंगरीनं दगडी पाट्यावर ठेवून ते झाकण हातोडीनं ठोकून सरळ केलं. सैल झालेली कुकरची जुनी रिंग कापून तिच्या पट्ट्या झाकणाच्या आतल्या कडेला चिकटवल्या. चौकटवाल्यानं डब्याच्या तळाएवढी काच कापून दिली. काचेखाली तिनं करडा कागद घातला, म्हणजे रंग खरा दिसेल. एका कोपऱ्यात बाटलीचं बूच, बुचात कापसाचा बोळा, बोळ्यावर लवंगेच्या तेलाचे थेंब. दोन्ही बाजूंना कागद धरायचे मोठे चाप लावले की झाकण गपकन बसायचं. डबा स्वयंपाकघरात जमिनीवर, माठाशेजारी. तिथं फरशी कायम थंड असायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाप काढले. लवंगेचा भपकारा आला. बाबा म्हणाले, "दाताचा दवाखाना उघडला वाटतं." भिंगरीनं सुरीचं टोक गालाच्या रंगात घातलं. लोण्यासारखं आत गेलं. तिच्या तोंडून एक शीळच निघाली.

आता आल्या आल्या कुंचला हातात घेता यायचा. सगळा उजेड कामाचा. अडचण वेगळीच झाली. रंग कालवण्याची धावपळ संपल्यावर उरलं काय, तर समोर बाबा आणि त्यांच्याकडे बघणं. जन्मात ती दोघं अशी समोरासमोर राहिली नव्हती. ती चित्रापाशी पुढे-मागे व्हायची, बाबा खुर्चीत चुळबुळ करायचे. कधी नाक खाजवत, कधी खिडकीतून खाली डोकावत. "ते बघ, त्यानं केस कुठं कापले? मागून उंदरानं कुरतडल्यासारखे दिसतायत."

"बाबा, मान."

"मान जागेवर आहे. डोळे फिरवले फक्त."

चित्रात चेहरा उमटत गेला. कपाळ, भुवया, ओठांच्या कडेची ती घडी. खरं तर आठवडाभरात चित्र उरकलं असतं. पण भिंगरीच्या एक ध्यानात आलं, आणि ते ध्यानात आल्याचं तिनं स्वतःलाही कळू दिलं नाही. रंग वाळत नसेल तर घाई कशाची? डबा बंद केला की आजचा दिवस उद्यापर्यंत तसाच राहतो. ती डाव्या कानावर आली आणि कानावरच रेंगाळली. रंगवला, पुसला, पुन्हा रंगवला. रंग संपत आला की त्याच्यातच तसाच नवा कालवून ठेवायची, हुबेहूब. भावाचा फोन आला की सांगायची, "अरे, कान राहिलाय अजून." रोज येताना तिचा जीव वरखाली व्हायचा, आज भाऊ येऊन तर बसला नसेल? जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची. दार उघडलं, बाबा एकटे दिसले की मग श्वास.

"कानाला एवढं काय असतं?" बाबांनी एकदा विचारलं.

"अवघड असतो कान."

"मी हजारो कान वाचवले वस्तऱ्याखाली. मला नको सांगू." मग हनुवटीला हात लावून खिडकीबाहेर बघत राहिले.

शेवटी भाऊ न कळवताच आला, बायकोला घेऊन. "चित्र होत राहील, सामान तरी बांधू," म्हणाला. भिंगरीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण भावजयीसमोर काय बोलणार? ती सुट्टीचा दिवस असूनही स्वयंपाकघरात न डोकावताच बाहेर पडली, उगाच दोन-चार गल्ल्या पालथ्या घालून दुपारी परतली. भावजय स्वयंपाकघरात भांडी कागदात गुंडाळत होती. माठाशेजारी डबा होता आणि त्याचं झाकण बाजूला, जमिनीवर. चाप एकात एक अडकवून ठेवलेले. काचेवरच्या रंगाला साल आली होती. भिंगरीनं बोट लावलं. गालाच्या रंगाची सुरकुती पडली.

"हे कुणी उघडलं?" ती ओरडली.

भावजय दचकली. "ताई, मी नाही—"

"दुसरं कोण येतं इथं? दुसऱ्याच्या घरात आल्यावर हात जरा आवरायला काय होतं गं? इतक्या दिवसांचा रंग होता तो! भांडी गुंडाळायची घाई, माणूस न्यायची घाई. गुंडाळा, सगळंच गुंडाळून न्या!"

भावजयीचे डोळे भरले. भाऊ बाहेरून आला आणि बघतच राहिला. तेवढ्यात दाराच्या चौकटीला धरून बाबा उभे राहिलेले दिसले. खुर्चीपासून तिथपर्यंत ते भिंत धरत चालत आले होते.

"तिला काही बोलू नको. मी उघडला," ते म्हणाले. "काल तू झोपल्यावर. मुद्दाम उघडला."

"का?"

"कारण तू चित्र पुरं करीनास."

"मी तुमच्यासाठीच..." भिंगरी म्हणाली. "तुम्हाला जायचं नाही म्हणून मी..."

"कुणी सांगितलं तुला, मला जायचं नाही?"

भावजयीनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मला जायचंय गं," बाबा म्हणाले. "किती दिवस झाले मला रस्त्यावर पाय ठेवून? तू सकाळी बाहेर पडतेस, सगळं गाव पालथं घालून येतेस, आणि मी खिडकीतून लोकांच्या टाळक्यांकडे बघत बसतो. तिथं लिफ्ट आहे. खाली बाग आहे म्हणे, म्हातारे जमतात. त्यांचे केस कोण कापतं बघायचंय मला. तुझ्या पायाला भिंगरी आहे ती आली कुठून असं वाटतं तुला? तुझी आई तर जागची हलायची नाही."

भिंगरी चपला घालून निघून गेली. ती बाजारातून गेली, पुलावरून गेली, पाण्याच्या टाकीला वळसा घालून आली. राग कुणावर काढावा तेच कळेना. बाबांवर, स्वतःवर, की त्या बिचाऱ्या भावजयीवर, जिला तिनं नको ते ऐकवलं होतं? एका फळवाल्यानं "आज सुट्टी ना ताई?" विचारलं, त्यालाही ती उत्तर न देता पुढे गेली. पाय दुखायला लागले, तेव्हा कुठे घराकडे वळली.

बाबा खिडकीशी बसलेले होते. दाढी केलेली, धुतलेला सदरा. भाऊ-भावजय शेजारच्या खोलीत. "उजेड आहे अजून," बाबा म्हणाले.

तिनं काच उचलली आणि सगळा रंग खरवडून कागदात टाकला. नव्यानं पांढरा काढला, माती काढली. गालाचा रंग जुळवायला म्हणून तिनं बाबांकडे पाहिलं आणि हात थबकला. समोरचा गाल डब्यातल्या रंगाचा नव्हताच. डब्यातला रंग फिकट, राखेच्या अंगानं जाणारा होता. डबा बनवला त्या संध्याकाळी जुळवलेला, आणि त्यानंतर ती तोच जपत, तोच लावत आली होती. आज बाबांच्या गालांवर लाली होती, कान तर चक्क तांबडे. माणूस निघायच्या तयारीत होता. ही लाली कधीपासून होती कोण जाणे. ती नुसती काचेकडे बघून रंगवत राहिली होती.

"लाल जास्त घाल," जणू मनातलं ओळखून बाबा म्हणाले. "रागावलीयस ना, मग हात चांगला चालेल."

"मान," ती म्हणाली.

ती पुढे-मागे करत राहिली. जुन्या गालावर नवा गाल चढवला. डोळे नीट केले. ते तिच्याकडे नव्हतेच, बाहेर होते. कान दोन फटकाऱ्यांत झाला. उजेड गेला तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत माखले होते आणि बाबा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होते, तोंड किंचित उघडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. भावानं आणि शेजाऱ्यानं खुर्चीत बसवून त्यांना तीन मजले खाली नेलं. प्रत्येक मजल्यावर ते लोकांना हाक मारून निरोप देत होते, मिरवणूक निघाल्यासारखे. गाडीत बसताना भिंगरीला म्हणाले, "ओलं आहे म्हणून नेत नाही. वाळलं की घेऊन ये."

घर खायला उठणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. चार दिवस ती घरी फक्त झोपायला आली. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. फोनवर बाबा घाईत असायचे: "आत्ता नको, खाली चाललोय." एकदा तर दुसऱ्याच कुणाला तरी सांगताना ऐकू आले, "डोकं खाली घाला हो, कानाचं बघू द्या."

चित्र वाळायला बराच काळ गेला. मग एके दिवशी कापडात गुंडाळून ती बसनं भावाच्या गावी निघाली. बाबा घरात नव्हते. खालच्या बागेत झाडाखाली कुणाची तरी घडीची खुर्ची, खुर्चीत टॉवेल गुंडाळलेले एक आजोबा, बाकावर ओळीनं बसलेले आणखी काही, आणि मध्ये काठी बगलेत धरून कात्री चालवणारे बाबा.

"थांब जरा, मागचं राहिलंय," ते म्हणाले, जणू ती तासाभरापूर्वीच घरातून गेली होती.

ती थांबली. मग कापड सोडून चित्र बाकाला टेकवून ठेवलं. टॉवेलातले आजोबा मान वळवून बघायला लागले तसा बाबांनी त्यांच्या डोक्यावर टिचकी मारली. मग स्वतः चित्राकडे पाहिलं. जवळ गेले, काठी टेकत मागे आले, पुन्हा जवळ गेले.

"कान बरा जमलाय," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "हा माणूस मला आवडला." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसायची खूण केली.

ती तिथं एक मुक्काम राहिली. दुसऱ्या दिवशी तिची चुळबुळ बघून बाबांनीच विचारलं, "बस किती वाजता आहे तुझी?" राहा म्हणाले नाहीत. तिलाही त्याचं वाईट वाटलं नाही. म्हणजे थोडं वाटलं.

स्टँडवर सोडायला भावजय आली. वाटेत भिंगरी म्हणाली, "त्या दिवशी मी तुला फार बोलले. माझी चूक झाली. तू हातही लावला नव्हतास."

"जाऊ द्या हो ताई." भावजयीनं तिची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. मग एकदम म्हणाली, "पण एक विचारू? बाबा एक मिनिट घरात थांबत नाहीत. औषधं घेऊन मी बागेत शोधत फिरते. परवा तर वॉचमनच्या खोलीत सापडले, त्याच्या मिशा कापत. माझ्या नाकी नऊ आलेत. तुम्ही इतकी वर्षं कसं काय सांभाळलंत त्यांना?"

"मी कुठे सांभाळलं?" भिंगरी म्हणाली. "मी घरात असायचेच कधी?"

दोघी हसल्या, पण भिंगरीचं हसू मध्येच अडकलं. बस लागली होती. भावजयीनं तिचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यात या. आणि रंग घेऊन या, इथं पश्चिमेला मोठी खिडकी आहे." भिंगरी बसमध्ये चढली. गाडी निघेपर्यंत ती दारातच उभी राहून भावजयीच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होती, पुढे-मागे होत, आणि कंडक्टर मागून ओरडत होता, "बाई, आत व्हा, आत व्हा."